तोमोएबाईंची परतफेड

विहिणीबरोबर सहा दिवस फिरायला जाते म्हटल्यावर आमच्या सुक्या मासळीच्या गल्लीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आमच्या कोरियात, निदान बुसानमध्ये, विहिणीने विहिणीला लग्नात बघावं, नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाला बघावं, आणि एरवी सणासुदीला फळांची पेटी पाठवून मोकळं व्हावं. जास्त जवळ गेलं की बिघडतं, असा सगळ्यांचा अनुभव. शेजारच्या गाळ्यातली पिलनाम म्हणाली, "कुमओक, सहा दिवसांत एक तर तुझं तोंड बंद होईल, नाही तर तिचे कान." तिला काय जातंय बोलायला? तिचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रोज संध्याकाळी फुकट जेवून वर भाजीत मीठ कमी म्हणून जातो.

माझा मुलगा थेगिल राहतो जपानला, ओसाकात. जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत लागला त्याला सात वर्षं झाली. या वसंतात त्याने तिथल्याच चिनात्सुशी लग्न केलं. मुलगी गुणाची आहे. तिच्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, आणि ठरवून शोधलं तरी सापडत नाही. आईबद्दल मात्र माझ्या मनात पहिल्यापासून किंतु होता. लग्नाच्या जेवणाला तोमोएबाई तीन तास माझ्यासमोर बसल्या होत्या. तीन तासांत त्या पंचवीस वेळा वाकल्या, आणि माझ्या मुलाला हाक मारताना प्रत्येक वेळी नावाला 'सान' जोडलं. थेगिल-सान, भात घ्या. थेगिल-सान, पाणी घ्या. स्वतःच्या जावयाला. मी दुकानात अनोळखी गिऱ्हाईकाशीसुद्धा इतक्या अदबीने वागत नाही.

पुढे एकदा फोनवर थेगिल सहज बोलून गेला की सासूबाई नाराला राहतात, गाडीने चाळीस मिनिटं, पण जायचं तर आधी विचारून दिवस ठरवावा लागतो. माझ्या हातातला सुरा तिथेच थांबला. आमच्याकडे जावई दारात दिसला की सासू अंड्यावरची कोंबडी कापायला धावते. माझ्या नवऱ्याने माझ्या आईची अख्खी खुराडी रिकामी केली होती आणि एकदाही आधी कळवलं नव्हतं. इथे माझ्या पोराला सासुरवाडीला जायला वेळ घ्यावी लागते, दाताच्या डॉक्टरकडे घेतात तशी.

माझं वय त्रेसष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. थेगिलला ताप आला तर समुद्र ओलांडून त्याच्या कपाळावर हात ठेवायला मी काही पोचत नाही. तिथे त्याला कुणीतरी आई हवी. तोमोएबाई ती होणार का, एवढंच मला बघायचं होतं. खरेदी आणि देवळं-बिवळं सगळं निमित्त. म्हणजे देवळं तरी निमित्तच.

बेत चिनात्सुचा. तीन दिवस तिकडे तिची आई यजमान, तीन दिवस इकडे मी. पोरांनी स्वतः यायचं टाळलं, सुट्टी नाही म्हणाले. दोघींना एका पिशवीत घालून हलवलं की आपोआप मुरतील, असा त्यांचा हिशेब असावा.

तर जुलैच्या भर उकाड्यात मी ओसाकाला पोचले. मी आपली फुलाफुलांची सैल विजार आणि कपाळावर मोठी झडप असलेली टोपी, बुसानच्या सगळ्या बायका उन्हात घालतात तशी. तोमोएबाई कोपरापर्यंत हातमोजे, गळ्यात ओला रुमाल, हॅट, पाण्याची बाटली आणि पायात नवे कोरे नाजूक सँडल. बाई खरेदीला निघाली होती की मधमाश्या पाळायला, ते कळेना. पण त्यांनी माझ्या विजारीकडे बघून इतकं गोड हसून "किती मोकळं वाटत असेल" म्हटलं, की टोमणा होता की कौतुक हे मला अजून समजलेलं नाही.

भाषेची अडचण आली नाही. माझ्या दुकानात तीस वर्षं जपानी गिऱ्हाईक येतंय, त्यामुळे जपानी मला येतं, फक्त ते विक्रेत्याचं. मी तोंड उघडलं की "ताजं आहे, चाखून बघा"पासूनच सुरुवात होते. तोमोएबाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, आणि लेकीचं जमल्यापासून कोरियन शिकलेल्या. शिकल्या कशावरून, तर टीव्हीवरच्या राजाराणीच्या मालिका बघून. त्यामुळे त्या मला रस्ता ओलांडताना सांगायच्या, "आपण पुढे व्हावे, दासी मागून येते." मी त्यांना मासे विकतेय आणि त्या मला सिंहासनावर बसवताहेत, असं आमचं संभाषण.

शिन्साईबाशीच्या छपराखालच्या बाजारात त्यांची एक सवय माझ्या लक्षात आली. प्रत्येक दुकानापुढे थांबायचं, गालाला बोट लावून "किती सुंदर" म्हणायचं, वस्तू जिथल्या तिथे ठेवायची आणि पुढे निघायचं. निळी छत्री दिसली, किती सुंदर. मला वाटलं, बाईला हवीय, पण हात आखडता घेतेय. एकट्या राहणाऱ्या बाईचं असंच असतं, स्वतःसाठी काही घेववत नाही. मी मागे फिरले, छत्री बांधून घेतली आणि त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी तीनदा नाही म्हटलं, चारदा वाकल्या आणि घेतली. मला इतकं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खाली तोमोएबाई एक डबा घेऊन उभ्या. कागदाच्या घड्या इतक्या नेमक्या की फाडायला जीव होईना. आत हातमागाची ओढणी. मी म्हटलं, चला, बाई खुलली. माझ्यावर माया जडली. लगेच क्योटोच्या बाजारात त्या ज्या लाखकाम केलेल्या तबकापुढे "किती सुंदर" म्हणाल्या, ते मी उचललं. संध्याकाळी आम्ही गाडीने हाकाताला पोचलो, बुसानची बोट तिथून सुटते, आणि जेवणाआधी त्या अर्धा तास गायब. परत आल्या त्या घामाने डबडबलेल्या, हातात पंखा आणि मिठाईची उंची पेटी. म्हणाल्या, "दासीची भेट स्वीकारावी." मी तर पाघळलेच. मनात म्हटलं, थेगिल, तुझी काळजी मिटली रे, ही बाई देण्यात आपल्यासारखीच सढळ आहे.

हाकाताला मी जरा भांडण काढलं, ते सांगते. तिथल्या तिखट गाभोळीला सगळा जपान डोक्यावर घेतो. ती मूळची गेली आमच्या बुसानहून. हे मी तीन दुकानांत, तिन्ही दुकानदारांना, त्यांच्याच भाषेत सांगितलं. तोमोएबाई दर वेळी माझ्या मागे उभं राहून माझ्या वतीने माफी मागत होत्या. त्याची भरपाई म्हणून मी त्यांना तिथल्या विणीची रेशमी पर्स घेतली. दुपारी बोटीच्या धक्क्यावर पोचतो तोच, त्यांच्या हातात माझ्यासाठी पर्स. त्याच विणीची. त्याच दुकानाची. मला वाटतं, त्याच किमतीची.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. बोटीला वेळ होता. मी बाजूला जाऊन थेगिलला फोन लावला आणि म्हटलं, तुझी सासू मला रोज काही ना काही देतेय, काय प्रकार आहे?

"आई, आता तू थांब जरा," तो म्हणाला. "तू घेतेस म्हणून त्यांना घ्यावं लागतं. काल चिनात्सुला फोन करून विचारत होत्या, तबकाच्या तोडीचं काय मिळेल. दुकानं बंद व्हायच्या आत धावत गेल्या बिचाऱ्या."

मी विचारलं, म्हणजे ती मला मनापासून देत नव्हती? तो हसला. म्हणाला, तसं नाही गं, इथे भेट आली की परत करायची रीतच आहे. बहुतेक जण निम्म्या किमतीची करतात, तेही सावकाश, महिन्याभरात. त्या तुला पूर्ण करताहेत आणि लगोलग करताहेत, म्हणजे फारच मान देताहेत.

मान. मला मान नको होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तीन दिवस जीव लावत होते आणि ही बाई दर संध्याकाळी उधारीचा फळा पुसून स्वच्छ करत होती. आमच्या गल्लीत कुणी दिलेली कोबीची किमची दुसऱ्या दिवशी तेवढीच परत केली तर त्याचा अर्थ एकच होतो, की बाई, तुझं-माझं काही नातं नको. माझी छत्री जिला एक रात्र अंगावर ठेवून घेता येत नाही, ती माझ्या पोराला काय जवळ करणार? तो तिला आयुष्यभर थेगिल-सानच राहणार, आणि आजारी पडला तर आधी वेळ घेऊन आजारी पडणार.

बोटीचा प्रवास सहा तासांचा. तोमोएबाईंनी मला पीच सोलून दिलं, मी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी समुद्राकडे बोट दाखवून "किती सुंदर" म्हटलं. मी मनात म्हटलं, नशीब, हा मला विकत घेता येत नाही.

बुसानला उतरल्यावर मी ठरवलं, आता एक वस्तू द्यायची नाही. पण घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवायला माझ्या आईने शिकवलेलं नाही. मग मी सूड जेवणातून काढला. सकाळी डुकराच्या रश्शातला भात, दुपारी बर्फातल्या थंडगार शेवया, मध्ये गोड लाल चवळीचा बर्फगोळा, आणि भर उन्हाळ्यात ताकदीसाठी कोंबडी खायचा आमचा ठरलेला दिवस नेमका त्याच दिवशी आलेला, म्हणून रात्री जिनसेंगची मुळी घालून अख्खी कोंबडी. आता करा परत, पोटातलं. त्यांची आणखी एक खोड म्हणजे ताटलीतला शेवटचा तुकडा कधी घ्यायचा नाही, तो तसाच ठेवून त्याच्याकडे प्रेमाने बघत बसायचं. मी दर वेळी तो उचलून त्यांच्या भातावर आपटला. त्यांनी दर वेळी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ला.

परत करायला काही नाही म्हटल्यावर बाई कासावीस झाली. माझं सगळं स्वयंपाकघर घासून काढलं. खिडकीच्या काचा पुसल्या, ज्या मी नवरा असताना एकदा पुसल्या होत्या. दुकान दाखवायला नेलं, तर स्टुलावर बसून सुकी मांदेळी लहान-मोठी वेगळी करायला लागल्या. पिलनामने डोकावून मला विचारलं, नवी बाई ठेवलीस का, चांगली दिसते, माझ्याकडेही पाठव. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला वाटलं, रात्रीच्या कोंबडीचं चुकतं करून टाकतेय.

पाचव्या दिवशी आम्ही गाडीने राजधानीला, सोलला, गेलो. सकाळी राजवाडा बघितला. तिथे तोमोएबाईंची भाषा एकदाची शोभून दिसली, दारावरचा पहारेकरीसुद्धा चपापला. दुपारी नामदेमुनच्या बाजारात घुसलो. मी पुढे आणि त्या मागे. मी थांबले की त्या दहा पावलांवर थांबायच्या, मी चालले की निघायच्या. दोन गल्ल्या झाल्यावर माझं डोकं तापलं. म्हटलं, कंटाळली आता माझ्या संगतीला, उद्या सुटका होणार म्हणून तास मोजतेय. सांगून टाकावं तोंडावर, की बाई, नको तर नको. म्हणून मी गर्रकन मागे वळले.

तोमोएबाई एका चष्म्याच्या दुकानाच्या खांबाला हात लावून उभ्या होत्या, एका पायावर. मला बघून लगेच दुसरा पाय टेकला आणि हसल्या. मी खाली बघितलं. त्या नाजूक सँडलचा मागचा पट्टा लाल झाला होता. टाच सोलून निघाली होती, दोन्ही.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"क्योटोपासून," त्या म्हणाल्या. "आपण चिंता करू नये."

क्योटोपासून. म्हणजे हाकाताला माझ्यासाठी धावत दुकान शोधलं ते या पायांनी. माझ्या स्वयंपाकघरात दोन तास उभ्या होत्या त्या या पायांनी. आणि मी मेली त्यांच्या भातावर कोंबडीचे तुकडे आपटत होते. मला स्वतःचा इतका राग आला की तो सगळा मी त्यांच्यावर काढला. म्हटलं, तोंड नाही का तुम्हाला? माणसाला दुखतं म्हणायला काय धाड भरते? त्या माझी माफी मागायला लागल्या. सोललेल्या टाचांची बाई माझी माफी मागतेय. मी त्यांच्या दंडाला धरून जवळच्या बुटांच्या गाळ्यावर नेलं आणि स्टुलावर बसवलं. हुज्जत घातली नाही, किंमत पाडली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. मऊ कापडी बूट काढायला सांगितले, औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, जमिनीवर बसून त्यांच्या टाचांना लावल्या आणि बूट मीच घातले. त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या होत्या.

दुसऱ्या बुटाची नाडी बांधताना माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे कुणी कुणाला बूट भेट देत नाही. बूट दिले की घेणारं माणूस ते घालून आपल्यापासून दूर निघून जातं म्हणतात. प्रेमात पडलेला पोरगा पोरीला अंगठी देईल, पण बूट देणार नाही. द्यायचीच वेळ आली तर समोरच्याकडून एक नाणं घ्यायचं, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं आणि दोष जातो.

आता बघा. ही बाई दिलेलं परत करते म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. गेली तर बरी, असं मनात म्हणत होते. आणि आता मीच भर बाजारात तिच्यापुढे हात पसरून म्हणत होते, "विहीणबाई, एक नाणं द्या. कुठलंही चालेल."

त्यांना कळेना. मी माझ्या मासळीबाजारच्या जपानीत समजावलं. बूट फुकट दिले तर तुम्ही निघून जाल, मला ते नको, म्हणून नाणं द्या. तेव्हा मला कळलं की ही बाई जायला मला खरंच नकोय.

तोमोएबाईंनी घाईघाईने पर्स उघडली आणि भोक असलेलं जपानी नाणं दोन्ही हातांनी माझ्या तळव्यावर ठेवलं. मग विचारलं, "म्हणजे परत केलं तर मी राहते?"

"बुटांपुरतं," मी म्हटलं. "बाकी कशाचं परत केलंत तर मला तोडल्यासारखं वाटतं. छत्री परत केलीत, तबक परत केलंत. माझ्या हातचं काहीच तुम्हाला ठेवून घ्यावंसं वाटत नाही, असं वाटलं मला."

बुटवाला आमच्या डोक्यावरून दुसऱ्या गिऱ्हाईकाला चप्पल देत होता. मग त्या बोलायला लागल्या, त्याच राजवाड्यातल्या भाषेत, आणि या वेळी मला हसू आलं नाही.

"माझी मुलगी माझ्या जवळच राहिली," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटांवर. मुलगा मात्र आपला आला, समुद्र ओलांडून, आपला एकुलता एक. एवढं मोठं कुणी कुणाला देत नाही. त्याच्या तोडीचं मी काय परत करणार? छत्रीचं करता येतं, तबकाचं करता येतं, म्हणून तेवढं तरी करत होते. त्याला घरातला म्हणायची मला हिंमत होत नाही. उसना आणल्यासारखा वाटतो. आपण कधी तरी मागाल आणि मला द्यावा लागेल, असं वाटतं."

"उसना नाही," मी म्हटलं. "दिलाय. ठेवा तुम्ही. मला परत नको."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. सात वर्षं मी गल्लीत सगळ्यांना सांगत होते की पोरगा कामापुरता गेलाय, येईल. लग्न झालं तेव्हाही सांगितलं, येतील दोघं. मी त्याला दिलाय, हे मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. मी तिथे जमिनीवरच बसले, बाजारात, लोकांच्या पायांत, आणि तोंडाला हात लावून रडले. तोमोएबाई स्टुलावरून उतरून माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी नको-नको केलं नाही, आणि वाकल्याही नाहीत. माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या.

बुटवाल्याने आम्हा दोघींकडे बघितलं आणि जरा काळजीने विचारलं, बूट चावताहेत का, दुसरे देऊ का? मी नाक पुसलं आणि म्हटलं, नाही हो, अगदी बरोबर बसलेत.